बाजारातला डिंक

आमच्या केंद्रात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. तोंडावर 'मिलिमीटर दादा' आणि पाठीमागे नुसतं 'मिलिमीटर'. कँटीनमधलं टेबल डुगडुगायला लागलं की बाकीचे लोक पायाखाली कागदाची घडी सरकवून मोकळे होत. हे मात्र दुसऱ्या दिवशी घरून लाकडाची चकती घासून आणत, टेबलाच्या पायाला बसवत, गुडघ्यावर बसून डोळा बारीक करून बघत आणि म्हणत, "आत्ता बरोबर. दीड मिलिमीटर कमी होता." तोवर आमचा चहा गार झालेला असे.

मी तिथे कार्यालयात लिपिक होते. पत्रं टाइप करायची, मागणीचे अर्ज वर पाठवायचे, फायली लावायच्या. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लागले त्या पहिल्याच महिन्यात एका अहवालात 'न्यूट्रॉन प्रकीर्णन' हा शब्द मी तीन वेळा तीन तऱ्हांनी चुकवला आणि बोलणी खाल्ली. दादा तेव्हा रजेचा अर्ज द्यायला आले होते. माझं तोंड बघून त्यांनी खुर्ची ओढली.

"ताई, समज, एका अंधाऱ्या खोलीत काय सामान आहे ते तुला बघायचंय. आत जाता येत नाही. मग तू दारातून मुठीमुठीने वाटाणे फेकतेस. ते आदळून उडतात. कुठला वाटाणा कुठे उडाला, किती जोरात उडाला, हे नीट टिपलंस तर आत कपाट आहे की पलंग ते कळेल. पलंग हलत असला तर तेही कळेल. आपली अणुभट्टी वाटाणे पुरवते. त्यांना न्यूट्रॉन म्हणायचं. खोली म्हणजे स्फटिक."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी खोली सरळ उभी करतो," ते म्हणाले. "खोलीच तिरपी असली तर वाटाण्यांचा हिशेब चुकतो."

पुढे मी ते काम डोळ्यांनी पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढे स्फटिक, एका प्रयोगाला तीस-चाळीस, अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर डिंकाने चिकटवायचे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत, अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. प्रत्येक दाणा आधी क्ष-किरणांखाली धरून त्याची दिशा ठरवायची, मग चिमट्याने उचलायचा, डिंकाचा टिपका टाकायचा आणि श्वास रोखून ठेवायचा. एका पट्टीला आठवडा जाई. दादांचे हात एरवी जाडजूड, पण चिमटा धरला की शिंप्याच्या हातासारखे चालत. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या पट्ट्यांवर कितीतरी जण डॉक्टर झाले, कितीतरी जण परदेशी गेले. छापून आलेल्या लेखांच्या शेवटी कधीकधी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' अशी ओळ असे. नाव नसे. त्याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला कधी दिसलं नाही. उलट ते तो लेख घरी नेऊन वहिनींना दाखवत.

वहिनी टपाल कचेरीत खिडकीवर बसायच्या. त्यांचं बोलणं म्हणजे शिक्का मारल्यासारखं, एकदाच आणि ठळक. "यात तुमचं नाव कुठंय?" त्या विचारत. दादा आकृतीवर बोट ठेवून सांगत, "हा ठिपका दिसतो ना? एवढा टोकदार आलाय, तो पट्टी सरळ होती म्हणून." वहिनी म्हणत, "बरं झालं बाई, ठिपक्याला तरी तुमची ओळख आहे."

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमचे मोठे साहेब त्या विभागाचे प्रमुख. माणूस हुशार, बोलायला गोड. वहिनी एकदा इस्पितळात होत्या, तेव्हा साहेब स्वतः दोनदा जाऊन बसले होते, फळं घेऊन. हे मुद्दाम सांगते, कारण साहेब वाईटच होते असं म्हटलं की गोष्ट सोपी होते, आणि ती तशी नव्हती.

एका नव्या पदार्थावर साहेबांना प्रयोग करायचा होता. यंत्रावरची पाळी मोठ्या मुश्किलीने मिळते. त्यांना नऊ दिवस मिळाले होते. पट्टी दादांनी करायची होती आणि प्रयोगावर बसायला साहेबांची विद्यार्थिनी होती. प्रबंध अजून पुरा व्हायचा होता, तरी आम्ही तिला आधीपासूनच 'डॉक्टरीणबाई' म्हणायचो. ती लाजायची, पण तिला आवडायचं.

अडचण आली डिंकाची. या कामाला खास डिंक लागतो, हायड्रोजन नसलेला. साधा डिंक चालत नाही. हायड्रोजन न्यूट्रॉनांना असा काही उडवतो की बाकी कुणाचं बोलणं ऐकूच येत नाही. दादा त्याला 'बडबड्या' म्हणत. खास डिंकाची बाटली संपत आली होती. दादांनी तीन महिने आधी मागणीचा अर्ज लिहून माझ्या हातात दिला होता, मी तो टाइप करून साहेबांकडे पाठवला होता. त्यावर साहेबांनी तांबड्या शाईने लिहिलं, 'आत्ता नको. पुढच्या वर्षी पाहू.' खाली सही आणि तारीख. कागद परत माझ्याकडे आला. मी तो फाईलला लावला.

पाळी दहा दिवसांवर आली आणि बाटली कोरडी. दादा साहेबांच्या खोलीत गेले. तिथे डॉक्टरीणबाईही होती. काय बोलणं झालं ते दादांनी मला त्याच दुपारी सांगितलं.

"साहेब म्हणाले, बाजारातून आणा. दोन नळ्या मिसळून लावतात तो. मी म्हटलं, साहेब, त्यात बडबड्या ठासून भरलाय. तर म्हणाले, थोडाच लावा, ते मी बघून घेतो."

"मग?"

"मग मी म्हटलं, ठीक आहे, पण एक दिवस मला रिकामी पट्टी मोजू द्या. तेवढाच डिंक लावतो, स्फटिक नाही. म्हणजे डिंक किती बडबडतो ते कळेल, मग वजा करता येईल. साहेब म्हणाले, नऊ दिवसांतला एक दिवस डिंकाला देऊ? हसले. पाठीवर हात ठेवला."

दादांनी बाजारातला डिंक आणला. जितका कमी लावता येईल तितका लावला. आणि यंत्राच्या नोंदवहीत, जिथे प्रत्येक पट्टीची नोंद करतात तिथे, स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'खास डिंक संपल्याने साहेबांच्या सांगण्यावरून बाजारातला वापरला. रिकाम्या पट्टीचं मोजमाप होणं गरजेचं.' खाली आपली सही केली. साहेबांची सही घ्यायची त्यांना पद्धतच माहीत नव्हती. नोंदवहीत कुणी कुणाची सही घेत नसे.

प्रयोग झाला. पदार्थ थंड करत नेला तसा मोजमापात एक उंचवटा दिसायला लागला, जो आजवर कुणी पाहिलेला नव्हता. साहेबांचा चेहरा त्या आठवड्यात लहान मुलासारखा झाला होता. हा पदार्थाचा नव्याच प्रकारचा कंप आहे, असं त्यांनी ठरवलं. लेख छापून आला, वर्तमानपत्रात फोटो आला, केंद्राच्या दारात फलक लागला. दादांनी दोनदा मला विचारलं, "ताई, रिकामी पट्टी मोजल्याचं कुठल्या कागदात आलंय का गं?" मी बघितलं. नव्हतं आलं. एकदा त्यांनी डॉक्टरीणबाईलाही विचारलं. ती म्हणाली, "साहेबांनी हिशेबाने वजा केलंय, दादा. तुम्ही नका काळजी करू."

दोन वर्षांनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या तंत्रांवरची आंतरराष्ट्रीय परिषद आमच्या केंद्राला मिळाली. साहेबांच्या त्या शोधामुळेच मिळाली, असं सगळे म्हणत. तीस देशांतून पाहुणे येणार. आठ महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. मी निबंधांचे सारांश टाइप करून करून बोटांना पट्ट्या बांधल्या. तंत्रज्ञांना भित्तिपत्रकांचे फळे उभे करायला लावलं. बाकीच्यांनी दिवसाला तीस फळे उभे केले आणि दादांनी अकरा, कारण ते प्रत्येक फळ्याला पाणसळ लावत होते. कुणीतरी ओरडलं, "अहो, कागद टाचायचेत, रॉकेट नाही उडवायचंय!" दादा म्हणाले, "तिरक्या फळ्यावर सरळ आलेख वाचशील का तू?"

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी फळ्यांपाशी एक पांढऱ्या केसांची परदेशी बाई फिरत होती. पायात साधे बूट, गळ्यात चष्मा लोंबकळत. मी कोपऱ्यात टेबलावर बिल्ले बदलून देत होते. तिने दादांना विचारलं, "इथे स्फटिक पट्टीवर कोण बसवतं?" दादांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण एवढं कळलं. त्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं. बाईने त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, तुमच्या पट्ट्यांचे फोटो मी पाहिलेत, इतकं सुरेख काम मी कुठे बघितलं नाही. मग दोघं फळ्यावरच्या फोटोपाशी उभे राहून बोलत राहिले. शब्द अडला की दादा हवेत चिमटा धरून दाखवत होते. तिने विचारलं, "डिंक कोणता?" दादांनी सांगितलं. जे होतं ते सांगितलं.

तिने ते छोट्या वहीत टिपून घेतलं. मग आभार मानून गेली.

चहाच्या वेळी दादा माझ्याकडे आले, कान लाल झालेले. "ताई, एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं की तू हे कसं करतोस." त्या दिवशी त्यांनी दोन बिस्किटं जास्त खाल्ली आणि घरी जाताना वहिनींसाठी परिषदेची कापडी पिशवी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं मुख्य भाषण. सभागृह भरलेलं, पायऱ्यांवरही लोक बसलेले. बिनतारी माईक प्रश्न विचारणाऱ्यांपर्यंत नेऊन द्यायला माणूस हवा होता. ज्याची नेमणूक होती त्याचं पोट बिघडलं, म्हणून ऐनवेळी माईक दादांच्या हातात दिला. कोट त्यांचा नव्हता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

भाषण झकास झालं. टाळ्या झाल्या. मग पांढऱ्या केसांच्या बाईने हात वर केला. दादा लगबगीने गेले, माईक दिला आणि तिच्या शेजारी उभे राहिले, परत घ्यायचा म्हणून.

तिने शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे त्याच पदार्थाचा एकच मोठा स्फटिक आहे, डिंक लावावाच लागत नाही. त्यांनी तसाच प्रयोग केला. उंचवटा दिसला नाही. मग डिंकाचा संशय येऊन त्यांनी इकडे येण्याआधीच मुद्दाम बाजारातला डिंक पट्टीवर लावून मोजला, स्फटिकाशिवाय. उंचवटा तिथेच आला. "तर माझा प्रश्न एवढाच आहे," ती म्हणाली, "की तुम्ही रिकामी पट्टी मोजली होती का?"

माईक तिने दादांना परत दिला.

साहेब पडद्याकडे वळले, पुन्हा समोर वळले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रांगेत होती. तिची मान मला मागून दिसत होती, खाली गेलेली. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मग हसले, नेहमीसारखं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "हे जर तसं असेल, तर ती आमच्या तंत्रज्ञाकडून झालेली चूक असावी. ठरलेला डिंक न वापरता दुसराच वापरला गेला, आणि आम्हाला त्याची कल्पना दिली गेली नाही. आम्ही याची चौकशी करू."

तंत्रज्ञ तिथेच उभा होता. त्याच्या हातात माईक होता आणि माईक चालू होता, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. दादांनी माईक तोंडापाशी नेला, आणि सभागृहाच्या चारी भिंतींतून त्यांचा श्वास ऐकू आला. एकदा. दुसऱ्यांदा. सगळे वळून बघायला लागले. पांढऱ्या केसांची बाई त्यांच्याकडे अशी बघत होती की बोल, अरे बोल. मी शेवटच्या रांगेत उभी होते. माझ्याही मनात तेच होतं.

सत्राचे अध्यक्ष म्हणाले, "वेळ कमी आहे. पुढचा प्रश्न?" चौथ्या रांगेत कुणीतरी हात वर केला. दादा चालत गेले आणि त्याला माईक दिला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दादा अंगावरचा कोटही न काढता बसले होते. वहिनी त्यांच्या समोर.

"माईक तुमच्या हातात होता?" वहिनींनी विचारलं.

"होता."

"चालू होता?"

"होता."

"मग?"

दादा म्हणाले, "साहेब स्टेजवर होते. एवढे पाहुणे होते. केंद्राचं नाव होतं." मग म्हणाले, "आणि मला इंग्रजीत वाक्य जुळवता येईना."

"मराठीत बोलायचंत," वहिनी म्हणाल्या. "कळलं नसतं, पण ऐकू तर गेलं असतं." मग उठून आत गेल्या, आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चौकशी महिन्याभराने झाली. तीन जणांची समिती, लांब टेबल, पाण्याचे तांबे. मला वृत्तान्त लिहायला बसवलं होतं. दादा नोंदवही घेऊन आले. स्वतःची इस्त्री केलेली कॉलर सारखी चाचपत होते. त्यांना वाटत होतं, वहीतलं पान वाचलं की संपलं.

समितीने पान वाचलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे अक्षर तुमचं?"

"हो साहेब."

"म्हणजे बाजारातला डिंक तुम्हीच वापरला, हे तुम्ही लेखी मान्य करताय."

"साहेबांच्या सांगण्यावरून, असंही लिहिलंय त्यात."

"तेही तुम्हीच लिहिलंय. त्यावर साहेबांची सही नाही. हे नंतर लिहिलेलं नाही कशावरून?"

दादांनी वहीची पुढची-मागची पानं दाखवली, शाई दाखवली, तारखा दाखवल्या. समितीतले दुसरे गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. मग डॉक्टरीणबाईला आत बोलावलं. त्या दिवशी खोलीत तुम्ही होतात का, असं विचारलं.

"होते."

"डिंकाबद्दल काय बोलणं झालं?"

तिने पाणी मागितलं. प्यायली. तिच्या प्रबंधावर अजून साहेबांची सही व्हायची होती, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. "मला नीट आठवत नाही," ती म्हणाली, आणि दादांकडे न बघता बाहेर गेली.

मग आणखी एक कागद निघाला. पांढऱ्या केसांच्या बाईने केंद्राला पत्र लिहिलं होतं. त्यात दादांची तोंड भरून स्तुती होती. या तंत्रज्ञाने मला मोकळेपणाने खरं सांगितलं, म्हणून ही चूक लवकर उघडकीला आली, त्याचे जाहीर आभार मानायला हवेत. अध्यक्षांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "परदेशी पाहुण्यांशी प्रयोगाबद्दल बोलण्याची परवानगी तुम्ही कुणाकडून घेतली होती?" म्हणजे दुसरा ठपका. ती बिचारी तिकडे कुठे बसली असेल, तिला वाटत असेल आपण एका भल्या माणसाचं भलं केलं.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आणखी काही कागद, काही पुरावा आहे का तुमच्याकडे? खास डिंक तुम्ही वेळेवर मागवला होता, असं दाखवणारं काही?"

दादांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

तो अर्ज माझ्या कपाटात होता. तिसरा कप्पा, निळी फाईल. तांबड्या शाईत 'आत्ता नको', सही, तारीख. उठून आणायला मला पाच मिनिटं लागली नसती. मी वृत्तान्ताच्या कागदावर खाली बघितलं आणि लिहिलं, 'पुरावा सादर केला नाही.' माझी नोकरी कच्ची होती, वर्षावर्षाने वाढवून मिळायची, आणि वाढवायची सही साहेबांची होती. धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं. ही कारणं खरी आहेत. मी ती स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत.

दादांनीही माझं नाव घेतलं नाही. "ताईकडे आहे," एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. का म्हणाले नाहीत, हे मी तेव्हा समजून घेतलं नाही. मला अडचणीत आणायचं नसेल, किंवा मी स्वतः उठेन याची वाट बघत असतील.

साहेबांनी समितीला कळवलं की माणूस जुना आहे, चांगला आहे, कडक काही करू नका. त्यामुळे नोकरी राहिली. दादांना यंत्रावरून काढून भांडारात बसवलं. झाडू, दिवे, कागदाची रिमं मोजून द्यायची. केंद्रभर बोललं गेलं की साहेबांनी सांभाळून घेतलं म्हणून वाचला. साहेबांचा लेख ज्या मासिकात आला होता त्यात दुरुस्ती छापून आली, चार ओळी, 'तांत्रिक कर्मचाऱ्याच्या कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे'. दादांचा उल्लेख एखाद्या लेखाच्या मुख्य मजकुरात आला तो एवढाच, आणि त्यातही नाव नव्हतं. पुढच्या परिषदेच्या समितीवर साहेबांची निवड झाली. चूक जाहीरपणे मान्य करण्याचा मोठेपणा दाखवला, असं त्यांच्या परिचयात लिहिलं होतं. तो परिचय मीच टाइप केला. डॉक्टरीणबाईने एक प्रकरण गाळून प्रबंध दिला, खरीखुरी डॉक्टर झाली आणि परदेशी गेली. जाताना माझ्याकडे पेढ्यासारखं काहीतरी गोड ठेवून गेली, भांडाराकडे फिरकली नाही.

'मिलिमीटर' हे नाव हळूहळू मागे पडलं. नवीन आलेली पोरं त्यांना 'डिंक्या' म्हणायला लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकाला झापलं. तो म्हणाला, "अहो, सगळेच म्हणतात." त्यानंतर मीही झापणं सोडलं.

एकदा रिमं घ्यायला मी भांडारात गेले. माझी नोकरी तोवर पक्की झाली होती. दादा खिडकीआड बसले होते. मी म्हटलं, "दादा, तो अर्ज माझ्याकडे अजून आहे. आपण वर पाठवू या का?"

त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, रिमांचा आकडा लिहिला, वही फिरवून माझ्यापुढे ठेवली. "सही कर."

मी सही केली.

"त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं होतं," ते म्हणाले.

"हो दादा."

"तूही बघितलंस. मग खाली बघितलंस." आवाज चढला नव्हता. "साहेबांनी केलं ते मला समजतं. त्यांचं सगळं पणाला लागलं होतं. त्या पोरीचंही समजतं. तुझं मी बरेच दिवस समजून घ्यायचा प्रयत्न केला. आता सोडून दिला. रिमं कोरड्या जागी ठेव, ओल धरतात."

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला साहेब भरभरून बोलले. दादा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. तुम्हीही दोन शब्द बोला म्हटल्यावर उठले, "सगळ्यांना चहा मिळाला ना?" म्हणाले आणि बसले. तो अर्ज मी अखेर वर पाठवला, त्यांच्या निवृत्तीनंतर सात महिन्यांनी. प्रकरण बंद झालेलं असल्याने नस्तीबद्ध करावं, असा शेरा पडून तो परत आला.

टपाल कचेरीत वहिनी मला अजून भेटतात. माझं पाकीट घेतात, वजन करतात, शिक्का मारतात. त्यांच्याकडूनच कळलं की दादा आता चौकातल्या चष्म्याच्या दुकानात सकाळी बसतात, दांड्या आणि स्क्रू नीट करून देतात. गेल्या महिन्यात माझ्या चष्म्याची दांडी वाकडी झाली. दुसरी दुकानं होती. मी तिथेच गेले.

त्यांच्या कपाळावर भिंग बांधलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा हातात घेतला, काचेवर सपाट ठेवून खालून बघितला, बारीक पक्कड लावली, पुन्हा ठेवला, पुन्हा बघितला. पंधरा मिनिटं गेली असतील. मग माझ्या चेहऱ्यावर स्वतःच्या हाताने बसवला, कानामागे बोट लावून पाहिलं.

"बाई, टोचतंय का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही दादा."

"सैल वाटला तर आठ दिवसांत परत या. वेगळे पैसे पडणार नाहीत तुम्हाला."

पावती फाडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्यामागे बाकावर बसलेल्या माणसाला खुणेने पुढे बोलावलं.